डॉ. सलीम अली : नोकरी नाकारलेला पक्षितज्ज्ञ आणि त्याने घडवलेली अभ्यासकांची पिढी

रानावनात हिंडून पशुपक्ष्यांचा आणि त्यांच्या परिसराचा अभ्यास करणे हा आज भारतात एक रीतसर व्यवसाय मानला जातो. त्यासाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहेत, संशोधनवृत्ती आहेत. मुंबई, डेहराडून, बंगळुरू, कोइम्बतूर येथे संस्था आहेत. शंभर वर्षांपूर्वी यांपैकी जवळजवळ काहीही अस्तित्वात नव्हते. निसर्गाची आवड हा सवड आणि पैसा असलेल्यांचा छंद समजला जाई आणि पक्ष्यांवरील प्रमाणग्रंथ प्रामुख्याने ब्रिटिश अधिकारी लिहीत. अशा काळात एका भारतीय तरुणाने पक्षिनिरीक्षण हेच आपले काम ठरवले आणि त्यासाठी दीर्घकाळ बेकारी सोसली. पुढे त्याच्याच प्रयत्नांतून या क्षेत्रात येऊ पाहणाऱ्या तरुणांसाठी पदवीची, प्रशिक्षणाची आणि वेतनाची सोय झाली. भारतीय पक्षिशास्त्राचे अध्वर्यू डॉ. सलीम अली यांच्या कार्याची ही बाजू त्यांच्या ग्रंथांइतकीच महत्त्वाची आहे.

सलीम मोइझुद्दीन अब्दुल अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत एका सुलेमानी बोहरा कुटुंबात झाला. वर्षभराचे असताना वडील आणि तीन वर्षांचे असताना आई निवर्तली. मामा अमिरुद्दीन तय्यबजी आणि अपत्यहीन मामी हमीदा बेगम यांनी या भावंडांचा सांभाळ केला. मामा शिकारीचे शौकीन होते. लहानग्या सलीमलाही छऱ्यांची बंदूक मिळाली आणि तो चिमण्या टिपू लागला. एके दिवशी पाडलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा डाग दिसला. नेहमीच्या घरचिमणीपेक्षा ही वेगळी कशी, असा प्रश्न त्याला पडला. मामांकडे उत्तर नव्हते. पण ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सदस्य होते. त्यांनी भाच्याला पत्र देऊन सोसायटीचे मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांच्याकडे पाठवले.

ही सोसायटी १८८३ मध्ये मुंबईतील आठ नागरिकांनी स्थापन केली होती. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन भारतीयही होते. मिलार्ड यांनी मुलाला ती पिवळ्या गळ्याची रानचिमणी असल्याचे सांगितले, संग्रहातील पेंढा भरलेले पक्षी दाखवले आणि मेलेल्या पक्ष्याची कातडी सोडवून ती टिकवण्याचे तंत्र शिकण्याची व्यवस्था करून दिली. ही भेट म्हणजे सलीम अली यांच्या शिक्षणाचा खरा प्रारंभ होय. शाळेतील शिक्षण मात्र रखडतच चालले. डोकेदुखीच्या विकाराने त्यात खंड पडत गेला. १९१३ मध्ये ते मॅट्रिक झाले आणि सेंट झेवियर्स महाविद्यालयात दाखल झाले. परंतु पहिल्याच वर्षी त्यांनी महाविद्यालय सोडले. ब्रह्मदेशात तव्हॉय येथे त्यांच्या भावाचा खाणीचा आणि लाकडाचा व्यवसाय होता. त्यात मदत करण्यासाठी ते १९१४ मध्ये तिकडे गेले. धंद्यात त्यांचे मन रमले नाही. भोवतालच्या अरण्यात मात्र ते रमले.

१९१७ मध्ये मुंबईत परतल्यावर चरितार्थासाठी काहीतरी शिकणे भाग होते. दावर वाणिज्य महाविद्यालयात त्यांनी व्यापारी कायदा आणि हिशेब यांचे शिक्षण घेण्यास सुरुवात केली. याच सुमारास सेंट झेवियर्समधील वनस्पतिशास्त्रज्ञ फादर एथेलबर्ट ब्लॅटर यांनी त्यांचा खरा कल ओळखला आणि प्राणिशास्त्र शिकण्याचा आग्रह धरला. सलीम अली दोन्ही अभ्यास एकाच वेळी करू लागले. प्राणिशास्त्राचा पाठ्यक्रम त्यांनी पूर्ण केला. परंतु विद्यापीठाची पदवी त्यांच्या हाती आली नाही. या एका उणिवेची किंमत त्यांना पुढे अनेक वर्षे मोजावी लागली. डिसेंबर १९१८ मध्ये तेहमिना बेगम यांच्याशी त्यांचा विवाह झाला.

पक्ष्यांचे ज्ञान असलेल्या माणसाला त्या काळी भारतात मिळण्यासारख्या नोकऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या. कलकत्त्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागात पक्षितज्ज्ञाची जागा होती. परंतु पदवी नसल्यामुळे ती सलीम अली यांना मिळाली नाही. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये, म्हणजेच आजच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात, निसर्गविज्ञानाचे दालन नव्याने सुरू झाले. तेथे प्रेक्षकांना माहिती देणाऱ्या मार्गदर्शक व्याख्यात्याच्या पदावर दरमहा ३५० रुपये वेतनावर त्यांची नेमणूक झाली. पक्ष्यांशी संबंधित असे हे त्यांचे पहिले पगारी काम होते.

व्याख्यात्याचे काम चांगले चालले असले तरी आपल्या ज्ञानाला शास्त्रीय बैठक नाही, याची जाणीव त्यांना अस्वस्थ करीत होती. पक्षिशास्त्राचे पद्धतशीर प्रशिक्षण भारतात कोठेही उपलब्ध नव्हते. म्हणून १९२८ मध्ये त्यांनी रजा घेतली आणि ते बर्लिनला गेले. तेथील विद्यापीठाच्या प्राणिसंग्रहालयात प्रा. एर्विन स्ट्रेसेमान यांनी त्यांना आपल्या मार्गदर्शनाखाली काम करू दिले. ब्रह्मदेशातून गोळा झालेल्या पक्ष्यांच्या नमुन्यांचा अभ्यास त्यांच्याकडे आला. एर्न्स्ट मायर, बर्नहार्ड रेन्श, ऑस्कर हाइनरॉथ यांसारख्या शास्त्रज्ञांशी तेथेच परिचय झाला. उत्तर समुद्रातील हेल्गोलँड बेटावरील वेधशाळेत त्यांनी आणखी एक तंत्र आत्मसात केले. पक्षी जिवंत पकडायचा, त्याच्या पायात क्रमांक असलेली हलकी कडी अडकवायची आणि त्याला सोडून द्यायचे. तोच पक्षी पुढे कोठेही सापडला की त्याच्या प्रवासाचा माग लागतो. भारतात हे तंत्र पुढे कसे उपयोगी पडले, ते यथाक्रम येईलच.

१९३० मध्ये ते परतले तेव्हा निधीच्या टंचाईमुळे व्याख्यात्याचे पद रद्द झाले होते. युरोपातील प्रशिक्षण घेऊन आलेला हा चौतिशीच्या उंबरठ्यावरचा संशोधक पुन्हा बेकार झाला. मुंबईत घर चालवणे परवडेना, तेव्हा सलीम अली आणि तेहमिना अलिबागजवळच्या किहीम या समुद्रकाठच्या गावी राहावयास गेले. घराजवळच सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. पावसाळ्याच्या दिवसांत रोज तासन्‌तास बसून त्यांनी या घरट्यांची नोंद ठेवली. कोणता नर केव्हा घरटे विणावयास घेतो, मादी केव्हा येते, काय पाहते आणि नंतर काय घडते, हे टिपत गेल्यावर एक अनपेक्षित क्रम स्पष्ट झाला. नर घरटे अर्धवट विणून ठेवतो. माद्या येऊन त्याची पाहणी करतात. एखादीने ते पसंत केले की नर ते पुरे करतो, आणि मादी अंडी उबवू लागली की स्वतः दुसरे घरटे विणावयास घेऊन दुसऱ्या मादीला आकर्षित करतो. हा शोधनिबंध सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आणि सलीम अली यांचे नाव परदेशातील अभ्यासकांपर्यंत पोहोचले. या कामाला ना अनुदान होते, ना प्रयोगशाळा. त्यामागे होते ते प्रशिक्षण, वही आणि सक्तीने मिळालेला रिकामा वेळ.

आता प्रश्न होता पुढे काय करायचे हा. सलीम अली यांनी त्यावर शोधलेला मार्ग व्यवहारी होता. देशात शेकडो संस्थाने होती आणि त्यांतील पुष्कळशा प्रदेशांतील पक्ष्यांची पद्धतशीर पाहणी झालेली नव्हती. संस्थानाने मुक्कामाचा आणि प्रवासाचा खर्च द्यावा, आपण वेतन न घेता पाहणी करू, असा प्रस्ताव त्यांनी मांडला. हैदराबाद संस्थानापासून या कामाला सुरुवात झाली. १९३३ मध्ये त्रावणकोर आणि कोचीन, आणि त्यानंतर ग्वाल्हेर, इंदूर, भोपाळ अशा पाहण्या होत गेल्या. बैलगाडी, तंबू, पाण्याची टंचाई आणि हिवताप यांची पर्वा न करता तेहमिना या मोहिमांत त्यांच्यासोबत असत. मुक्कामाची सारी व्यवस्था त्या पाहत.

या पाहण्यांचे वैशिष्ट्य असे की सलीम अली केवळ नमुने गोळा करून थांबले नाहीत. त्या काळी पक्षिशास्त्र बव्हंशी संग्रहालयाच्या कपाटांत चाले. पिसांचा रंग आणि चोचीची लांबी यांवरून जाती-उपजाती ठरवल्या जात. सलीम अली जिवंत पक्षी काय खातो, कोठे घरटे करतो, कोणत्या झाडाच्या फुलातील मध पितो आणि त्याचे पराग कसे वाहून नेतो, याची नोंद करीत. पुढे ज्याला परिस्थितिकी म्हणून ओळखले जाऊ लागले, त्या शास्त्राची दृष्टी त्यांच्या कामात अशी आधीच आलेली होती. प्रस्थापितांनी हे सहजासहजी स्वीकारले असे नाही. एका प्रचलित वर्णनातील त्रुटी त्यांनी दाखवली, तेव्हा नामवंत ब्रिटिश पक्षितज्ज्ञ ह्यू व्हिसलर प्रथम नाराज झाले. परंतु नमुने पुन्हा तपासल्यावर त्यांना आपली चूक उमगली आणि पुढे ते सलीम अली यांचे निकटचे सहकारी झाले.

१९३९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेनंतर रक्तात विषबाधा होऊन तेहमिना यांचे निधन झाले. या आघातानंतर सलीम अली बहीण कमू आणि मेहुणे हसन यांच्याकडे वांद्र्याला पाली हिल येथे राहू लागले. त्यांनी पुन्हा विवाह केला नाही. १९४१ मध्ये त्यांचे भारतीय पक्ष्यांवरील सचित्र पुस्तक प्रसिद्ध झाले. सामान्य वाचकाला आपल्या अंगणातील पक्षी ओळखता यावा, अशा रीतीने ते लिहिलेले होते. त्याच्या अनेक आवृत्त्या निघाल्या. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत आश्रयाला आलेले सिंगापूरचे उद्योगपती आणि पक्षिछायाचित्रकार लोक वान थो यांच्याशी त्यांचा स्नेह जडला. १९६४ मध्ये विमान अपघातात निधन होईपर्यंत लोक यांनी त्यांच्या कामाला आर्थिक साह्य केले. अमेरिकी पक्षितज्ज्ञ एस. डिलन रिप्ली यांच्यासमवेत सलीम अली यांनी भारत आणि पाकिस्तानातील पक्ष्यांवरील दहा खंडांचा ग्रंथ सिद्ध केला. त्याचा पहिला खंड १९६८ मध्ये आणि अखेरचा १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला.

स्वातंत्र्यानंतर ब्रिटिश सदस्य मायदेशी परतले आणि बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची आर्थिक स्थिती बिकट झाली. सलीम अली यांनी पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याशी संपर्क साधून संस्थेसाठी शासकीय मदत मिळवली. संस्था तरली, परंतु तेवढ्याने नवे अभ्यासक घडणार नव्हते. पदवीअभावी स्वतःला काय सोसावे लागले हे ते विसरले नव्हते. मुंबई विद्यापीठाने क्षेत्रीय पक्षिशास्त्रातील संशोधनासाठी सोसायटीला मान्यता दिली आणि सलीम अली विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. रानातील निरीक्षणांवर आधारलेल्या प्रबंधाला विद्यापीठाची पदवी मिळण्याची सोय त्यामुळे झाली. त्यांच्या आरंभीच्या विद्यार्थ्यांपैकी व्ही. सी. आंबेडकर यांनी सुगरणीसह विणकर पक्ष्यांच्या प्रजननाचा अभ्यास केला. किहीमच्या पावसाळ्यात बेकारीच्या काळात सुरू झालेला विषय अशा रीतीने विद्यापीठाच्या अभ्यासिकेत पोहोचला.

पदवीपाठोपाठ वेतनाचा प्रश्न होता. त्याचे उत्तर एका रोगाच्या निमित्ताने मिळाले. १९५७ मध्ये तत्कालीन म्हैसूर राज्यातील क्यासनूर जंगलात माकडांना आणि माणसांना ग्रासणारा एक घातक ज्वर आढळला. तो गोचिडींमार्फत पसरतो आणि त्याचा विषाणू रशियातील एका रोगाच्या विषाणूशी मिळताजुळता आहे, असे दिसून आले. मग स्थलांतर करणारे पक्षी सायबेरियातून बाधित गोचिडी आणत असतील काय, अशी शंका उपस्थित झाली. ती तपासण्यासाठी पक्ष्यांच्या स्थलांतराचा अभ्यास आवश्यक होता आणि जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी सोसायटीला अर्थसाह्य दिले. हेल्गोलँडला शिकलेले कडी अडकवण्याचे तंत्र आता मोठ्या प्रमाणावर उपयोगात आले. राजस्थानातील भरतपूरसह अनेक ठिकाणी शिबिरे भरू लागली. पक्ष्यांना इजा न होऊ देता पकडण्याचे काम बिहारमधील मिरशिकार या पारंपरिक पारध्यांवर सोपवण्यात आले. त्यांच्या पिढीजात कौशल्यावाचून ही मोहीम शक्य झाली नसती. भरतपूरला कडी घातलेली बदके पुढे सोव्हिएत संघात सापडली आणि त्यांच्या प्रवासाचे पुरावे हाती आले. या शिबिरांत दाखल झालेल्या तरुणांना पक्ष्यांबरोबर काम करण्याचे नियमित वेतन मिळू लागले. शिबिरात सलीम अली शिस्तीचे कडक होते. पहाटेची वेळ चुकवलेली त्यांना खपत नसे आणि अर्धवट नोंद केलेली वही तर मुळीच नाही.

या व्यवस्थेला एक दुबळी बाजूही होती. पैसा प्रकल्पापुरता येई आणि तो बहुतांशी परदेशातून येई. पुढील टप्प्यात अमेरिकी लष्कराशी संबंधित निधी या कामाला मिळाल्याने देशात संशय व्यक्त झाला आणि सत्तरच्या दशकात तो संसदेपर्यंत पोहोचला. मूलभूत संशोधनाला देशात पुरेसा निधी नसेल तर अभ्यासकाने तो कोठून घ्यावा आणि कोणत्या अटींवर घ्यावा, हा प्रश्न त्या वेळी तीव्रतेने पुढे आला. तो आजही पूर्णपणे सुटलेला नाही.

भरतपूरचे केवलादेव घना हे सलीम अली यांच्या विशेष आस्थेचे ठिकाण होते. संस्थानिकांच्या या शिकारतळ्यावर १९३८ मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांच्या शिकारीत एका दिवसात ४,२७३ पक्षी मारले गेल्याची नोंद आहे. स्वातंत्र्यानंतर ही पाणथळ जमीन शेतीसाठी मोकळी करावी अशी मागणी झाली, तेव्हा ती वाचवण्यासाठी सलीम अली यांनी आपले सारे वजन खर्ची घातले. घनामध्ये चरणाऱ्या म्हशींमुळे पक्ष्यांच्या अधिवासाची हानी होते, असे त्यांचे मत होते. १९८२ मध्ये तेथे गुराचराईवर बंदी आली. आसपासच्या गावांनी विरोध केला आणि पोलिसांच्या गोळीबारात काही गावकऱ्यांना प्राण गमवावे लागले.

याच सुमारास सोसायटीच्या तरुण संशोधकांनी तेथे दहा वर्षांचा परिस्थितिकीय अभ्यास सुरू केला होता. त्यांनी पाणी, गवत, मासे आणि पक्षी यांची वर्षानुवर्षे मोजदाद केली. त्यातून निघालेला निष्कर्ष संस्थेच्या सर्वांत ज्येष्ठ शास्त्रज्ञाच्या मताच्या विरुद्ध होता. म्हशी चरत होत्या तोवर पास्पॅलम नावाचे गवत आटोक्यात राहत होते. चराई थांबताच ते माजले, उथळ पाणी त्याने व्यापले आणि अनेक पाणपक्ष्यांना खाद्य मिळणे अवघड झाले. ज्या संस्थेत सलीम अली यांचा शब्द अखेरचा मानला जाई, त्याच संस्थेच्या संशोधकांनी हा निष्कर्ष नोंदवला आणि तो प्रसिद्धही झाला. त्यांनी घडवलेली पिढी केवळ अनुयायांची नव्हती, याचा याहून स्पष्ट पुरावा देता येणार नाही. तोपर्यंत गेलेले प्राण मात्र परत येणार नव्हते. बंदीआधी असा अभ्यास पूर्ण झाला असता तर काय घडले असते, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

ऐंशीच्या दशकात सोसायटीने असे अनेक दीर्घकालीन प्रकल्प चालवले. तमिळनाडूतील पॉइंट कॅलिमियर येथील पाणपक्षी, दक्षिणेतील हत्ती, सोलापूरजवळच्या नान्नजच्या गवताळ माळावरील माळढोक यांवर त्यांत काम झाले. पुढे देशातील वन्यजीव संशोधनात ज्यांची नावे झाली, अशा अनेकांनी याच प्रकल्पांत उमेदवारी केली. पुणेकर परिस्थितिकीतज्ज्ञ डॉ. माधव गाडगीळ यांना लहानपणीच सलीम अली यांच्याकडून प्रोत्साहन मिळाले होते. सत्तरच्या दशकात दोघांनी पक्ष्यांच्या एकत्र रातथाऱ्यावर संयुक्त निबंध लिहिला, आणि १९८३ मध्ये गाडगीळ यांनी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत परिस्थितिकीचे केंद्र उभारले. केरळातील सायलेंट व्हॅलीचे सदाहरित अरण्य वाचवण्याच्या मागणीलाही सलीम अली यांचा पाठिंबा होता. १९८४ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान घोषित झाले.

सन्मान उशिरा आले, पण भरभरून आले. १९५८ मध्ये पद्मभूषण आणि १९७६ मध्ये पद्मविभूषण किताबाने त्यांचा गौरव झाला. ब्रिटिश ऑर्निथॉलॉजिस्ट्स युनियनचे सुवर्णपदक त्यांना १९६७ मध्ये मिळाले. ज्यांना पदवी नाही म्हणून जागा नाकारली गेली होती, त्यांना अलीगढ, दिल्ली आणि आंध्र या विद्यापीठांनी सन्माननीय डॉक्टरेट दिली, आणि १९८२ मध्ये शासनाने त्यांची राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक म्हणून नियुक्ती केली. १९८५ मध्ये ते राज्यसभेवर नामनियुक्त झाले. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. १९७६ मध्ये मिळालेल्या जे. पॉल गेटी पारितोषिकाची ५० हजार डॉलरची रक्कम त्यांनी सोसायटीतील निसर्गसंवर्धन निधीसाठी दिली. २० जून १९८७ रोजी वयाच्या ९१ व्या वर्षी मुंबईत त्यांचे निधन झाले.

१९९० मध्ये कोइम्बतूरजवळ त्यांच्या नावाने पक्षिशास्त्र आणि निसर्गविज्ञान केंद्र स्थापन झाले. २०२३ मध्ये ते डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेत विलीन करण्यात आले. महाराष्ट्रात दरवर्षी ५ ते १२ नोव्हेंबर या काळात साजऱ्या होणाऱ्या पक्षिसप्ताहाची सांगता त्यांच्या जयंतीदिनी होते. या क्षेत्रात पाऊल टाकणाऱ्या तरुणाला आता पदवीसाठी परदेशी जावे लागत नाही आणि अभ्यासविषयाबद्दल समाजाला पटवून सांगावेही लागत नाही. कायम पदे मात्र अजूनही थोडी आहेत. पुष्कळशी कामे दोन-तीन वर्षांच्या प्रकल्पांवर चालतात आणि प्रकल्प संपला की नव्या कामाचा शोध सुरू होतो. १९३० मध्ये निधीअभावी रद्द झालेल्या त्या व्याख्यातापदाची आठवण अशा वेळी होते. सलीम अली यांनी या अडचणीवर मात केली ती पगार थांबला तरी नोंदवही न थांबवता, आणि स्वतःला जागा मिळाल्यावर ती इतरांसाठी वाढवत नेऊन. भारतातील क्षेत्रीय संशोधनाची परंपरा बव्हंशी या दोन सवयींवर उभी राहिली आहे.